विहीर सदतीस, नमुना चार

मकरपुऱ्याच्या लॅबमध्ये दिवे घालवून बसते.
दगडाचा काप, कागदाहून पातळ,
त्यावर जांभळा किरण.
वाळूच्या एका कणात, भेगेच्या कडेनं
पिवळे ठिपके पेटतात.
तेल. अडकलेलं. सुईच्या टोकाला जड होणार नाही एवढं.

बाकीचं पंपानं केव्हाच ओढलं,
कोयलीला गाळलं, लोकांनी स्कूटरींत भरून संपवलं.
हे राहिलं. कणाला तडा गेला होता,
तो सांधताना दगडानं चुकून एक घोट गिळला.

नवा मुलगा, कीर्तन वाघेला, विचारतो,
"मॅडम, तेल इथलंच ना?"
नाही रे. सापडतं तिथलं सहसा नसतं ते.
खाली काळ्या शेलमध्ये शिजतं,
पाच कोटी वर्षांपूर्वीच्या कुजक्या खाडीत,
आणि निघतं. वर, तिरपं, वाट फुटेल तसं,
पाण्यापेक्षा हलकं, एवढ्याच भांडवलावर.
दुपारी तुझ्या शेवउसळीवर तरी आली ना, तसंच.
डोक्यावर चिकणमातीचं छप्पर लागलं
की म्हणतं, बस्स.

तापवते. एकेक अंश.
शेजारच्या पाण्याच्या थेंबात बुडबुडा
माशीसारखा भिंतीवर आपटत राहतो
आणि शहाण्णवला
नाहीसा.
वहीत लिहिते: पहिलं भरण.

दुसऱ्या भेगेत ठिपके निळे.
निळं म्हणजे उशिराचं, जास्त शिजलेलं. एकशे अठरा.
वेगळ्या वाटेनं आलं असेल, कदाचित वेगळ्याच खाडीतून.
बाटलीत दोन्ही एकच काळं.

आलेखावर एक ठेंगणं शिखर:
फुलणाऱ्या झाडांचा रेणू.
म्हणजे काहीतरी फुललं होतं तिथे.
काय, ते कळत नाही.

संध्याकाळी दांडिया बाजारात काकांकडे.
लेकीच्या अर्जात 'मूळ गाव' हा रकाना रिकामा.
बाबा सांगायचे, साताऱ्याकडचं, वाईच्या पुढे कुठेतरी.
काका म्हणतात, छे, आपण इंदूरहून आलो,
पागेत, घोड्यांबरोबर.
शपथ घ्यायला तयार.
लेक वैतागते, "लख ने मम्मी, वडोदरा!"

बाबा आमटीला 'कोरड्यास' म्हणायचे,
आमच्या गल्लीत दुसरं कुणी म्हणत नसे.
भाजीवाल्याला मात्र 'भिया'.
तेव्हा हसायचो आम्ही.
लिहून ठेवायला हवं होतं,
कुठल्या शब्दाला किती ऊब होती.

काकांना विचारलं, घोडे कुणाचे?
ते म्हणाले, चहा घे.

गच्चीवरून कोयलीची ज्योत दिसते.
वाऱ्यानं आडवी होते, परत उभी राहते.
अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत.
नमुना पाच उद्या कापायचा आहे,
कीर्तनला सांगायला हवं,
हळू काप.