किंचित बाजूला

बेसेमर, अलाबामा. पोलादाची भट्टी विझून चाळीस वर्षं झाली,
तरी लेम्युएल ट्रॅमेल खिडकी पुसतो
काजळी अजून पडत असल्यासारखी, दिवसातून दोनदा.

टोपीच्या खोक्यात बहिणीच्या तबकड्या.
"मोठ्या कंपनीच्या नाहीत यात," तो आधीच बजावतो.
"त्या कुठेही मिळतील तुम्हाला. व्हायोलिनं लावलेल्या."

पहिली: दफनविम्याची जाहिरात, अठ्ठावन्न साल.
आर्झेला सोळा वर्षांची.
आठवड्याला पंधरा सेंट भरा आणि निर्धास्त मरा,
असं काहीसं.
पण त्या 'निर्धास्त'च्या उंबऱ्यावर ती जी थांबते,
आत पाऊल न टाकता,
ते थांबणं पुढे जगानं पैसे मोजून ऐकलं.
पहिला हप्ता त्यांच्या आईनंच भरला.

दुसरी फार खरवडलेली. गाण्याआधी कुणीतरी ओरडतं,
"पोरी, माइकपासून लांब हो, काटा उडतोय."
पावलं ऐकू येतात. चार.
मग आवाज येतो दाराबाहेरून यावा तसा,
आणि काटा उडतोच.

तिसरीसाठी मी दोन हजार मैल आलो होतो.
तीनशेच छापल्या, आणि मधलं भोक
केसभर बाजूला पडलं.
सूर हेलकावतो, वर, खाली,
खुंटाला बांधलेल्या होडीसारखा.
मी पिशवीतून कानस काढली. हे काम मला येतं.
भोक जरासं वाढवलं, तबकडी बोटानं सरकवली
सुईचं डोलणं थांबेपर्यंत.

मग ती गायली. सरळ.
साठ वर्षांत पहिल्यांदा.

लेम्युएलनं शेवटपर्यंत ऐकलं, हात मांड्यांवर.
मग विचारलं, "ही कोण?"

मी छपाईचा दोष समजावू लागलो.
"नाही," तो म्हणाला. "आर्झेला दर ओळीला कलायची.
ती शहरात गेली, घरी हीच तबकडी राहिली.
आम्ही भावंडं हिच्यावरूनच शिकलो.
आईला पुरलं, त्या पंधरा-पंधरा सेंटांवर,
तेव्हा सगळे तसेच गायलो, एकदम कलून.
पाद्रीसुद्धा."

त्यानं अंगठ्यानं तबकडी ढकलली. जास्तच ढकलली गेली.
बहीण भेलकांडली.
"थांबा," म्हणाला, आणि पुन्हा थोडी मागे.
आता फारच कमी.

माझ्या वहीत 'दोष' या शब्दापुढे
पूर्णविराम दिलेला होता.
खिडकीत दिवे लागले. कानशीचा काळा भुगा
टेबलावर, त्याच्या बाहीवर.
आम्ही दोघं ती जागा शोधत होतो.