धरलाच नव्हता

पिंगतुंगमधल्या आमच्या कारखान्यात
चेंडूला कुणी मारत नाही,
चेंडूच येऊन मारतो.
हवेची तोफ, ताशी एकशे ऐंशी किलोमीटर.
समोर शिकंज्यात आवळलेलं गोल्फ क्लबचं डोकं:
तोंड टिटॅनियमचं, माथ्यावर कार्बनचं काळं कापड,
आणि दोघांच्या मध्ये माझी इपॉक्सी,
मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी.

तीन हजार फटके सोसले की पास.
काल रात्री एक हजार नऊशे सतराव्याला
आवाज बदलला.
ठण्ण होता, ठप झाला.
फान मास्तर थर्मासचं झाकण फिरवत म्हणाले,
"गेलं."

हा सगळा खटाटोप नऊ ग्रॅमसाठी.
माथाही धातूचा केला असता तर तेवढे जास्त भरले असते.
ते वरून काढायचे,
खाली, मागे, तळाशी नेऊन बसवायचे,
म्हणजे तिकडे कुठे ॲरिझोनात
एखाद्या निवृत्त दंतवैद्याचा चुकलेला फटका
जरा कमी चुकतो.
तोळाभरसुद्धा नाही.
त्यासाठी आम्ही चौघं दीड वर्ष जागतोय.

सोयरीक अवघड आहे.
टिटॅनियम गुळगुळीत, मानी,
कुणाला जवळ करत नाही.
वाळूचा मारा करून आधी त्याला ओरबाडायचं,
मग पुसायचं,
मग हात लावायचा नाही.
इपॉक्सीत काचेचे बारीक मणी मिसळतो
दोघं फार जवळ येऊ नयेत म्हणून.
जास्त दाबलं तर सगळी कडेने निथळून जाते
आणि मध्ये उरतो नुसता दाब.

मेइनुंगला आपा छत्र्या करतात.
बांबूच्या काड्यांवर कागद,
कागद धरायला कच्च्या पर्सिमनचा आंबवलेला रस.
लहानपणी माझ्या दप्तरालासुद्धा तो वास यायचा.
इथे पहिल्याच दिवशी फान मास्तरांनी
कपाटातून एक जुनं लाकडी डोकं काढलं,
"आधी असली असायची. झाड ओळख."
मी नाकाशी नेलं. नुसतं वार्निश.
"पर्सिमन," ते म्हणाले, "अमेरिकेतलं, तुमच्याकडच्याचं चुलत."
रात्री आपांना सांगितलं.
"म्हणजे झाड त्यांनी घेतलं, फळ आम्ही.
बरं झालं, भांडण नाही."

तर, भिंगाखाली पाहिलं.
चांगला जोड तुटतो तेव्हा
दोन्हीकडे काहीतरी राहतं,
फाटलेलं, खरखरीत, थोडं इकडे, थोडं तिकडे.
हा तसा नव्हता.
सगळी इपॉक्सी कार्बनला चिकटलेली
आणि टिटॅनियम घासलेल्या ताटासारखं लख्ख.
तुटला नव्हता.
धरलाच नव्हता.

दिवा तिरपा केला.
कडेपाशी नाण्याएवढ्या जागेत
रेषा, रेषेच्या आत रेषा.
अंगठा.

मंगळवार आठवला.
वाळूच्या खोलीतून बाहेर येताना फोन वाजला
म्हणून उजवा हातमोजा काढला होता.
आपा विचारत होते,
रसाच्या दोन बरण्या उरल्यात, तुला हव्यात का,
नाहीतर ओतून देतो,
सोमवारी दुकान रिकामं करायचंय.
कामात आहे, म्हटलं मी,
आणि मोजा न घालता
पुढचं डोकं उचललं असणार.

अहवालात 'कारण' असा रकाना आहे.
लिहिलं: त्वचेचं तेल.
'कुणाचं' असा रकाना नाही.
समासात लिहिलं: कू चिन-मेइ, उजवा अंगठा.
फान मास्तरांनी वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला,
थर्मासमधला उरलेला चहा माझ्या कपात ओतला.
गार होता.

पहाटे नवं डोकं वाळूत धरलं,
दोन्ही हातांत मोजे, फोन बाहेर खुंटीवर पिशवीत.
पाळी संपल्यावर फोन लावला.
बरण्यांची झाकणं घट्ट लावून ठेवा, म्हटलं,
रविवारी येते.
"झाकणं केव्हाचीच चिकटलीत," आपा म्हणाले,
"तू ये. उघडतात का बघू."