मधली रात्र

ऋजुताचा निरोप आला: बाबा, गुरुवारपर्यंत सांगा.
मिलानला उतरून कार्ल्सरूहपर्यंत एका दमात नको,
आईचे गुडघे आहेत. मधे एक रात्र काढा.
लुसर्न किंवा बासेल.
दोन्हीकडे खोली धरलीय, एक सोडायचीय.

आम्ही ढोकाळीत, नवव्या मजल्यावर,
मटार सोलत बसलो होतो.

कुमुदिनीचं ठरलेलंच होतं.
तळं, तळ्याशी लाकडी पूल, हंस.
"तळं तर आपलं मासुंदाही आहे," मी म्हणालो.
"त्यात डोंगर दिसत नाही," ती म्हणाली.
शेंगेतून एक दाणा उडाला, फ्रिजखाली गेला.
कुणी शोधला नाही.

मी लगेच बासेल म्हणालो नाही.
एकोणतीस वर्षं मी ते म्हणण्यापेक्षा लिहिलंच जास्त,
कोलशेतच्या गोदामात, पत्र्याच्या पिंपांवर,
स्टेन्सिल धरून, काळ्या शाईनं:
बी ए एस ई एल.
मधला एस नेहमी ओघळायचा.
हाफनरसाहेब तिकडून आले होते एकदा,
म्हणाले, बासेल नाही, बाझल, बाझल.
आम्ही माना डोलावल्या.
ते गेल्यावर बासेलच म्हणत राहिलो.

रंगाची कंपनी.
मागच्या नाल्याला वार असायचे:
सोमवारी जांभळा, बुधवारी शेंदरी,
तपासणीवाले यायचे त्या दिवशी
पाण्याच्याच रंगाचा.
पुढे खाडी. खाडी कुणाला काही विचारत नसे.
मथुरा केणी मात्र एकदा गेटवर येऊन उभी राहिली,
पाटीतल्या निवट्या निळ्या.
वॉचमननं तिला चहा दिला.
मी चलनावर सही केली आणि आत गेलो.
त्याच निळ्यातली साडी त्या दिवाळीत
कामगार सोसायटीत सवलतीनं मिळाली.
कुमुदिनीकडे अजून आहे, विटली नाही.
माल चांगला होता.

आता तिथे टॉवर. बॉयलर होता तिथे
पोहायचा तलाव, रात्री तळातून दिवे लागतात.
आमच्या बाल्कनीतून त्याचा एक कोपरा दिसतो.
मला त्या निळ्याचा बॅच नंबर सांगता येईल
असं वाटतं कधीकधी.

"नदी आहे तिथे," मी शेवटी म्हणालो.
"गावाच्या मधून जाते. कारखाने काठालाच."
"मग?"
"मग काही नाही. बघायचं होतं,
त्यांच्याकडे ती कुठल्या रंगाची असते."

ती काही बोलली नाही. चष्मा लावला,
ऋजुतानं पाठवलेल्या गाड्यांच्या वेळा
पंचांगासारख्या बोट ठेवून वाचल्या.
"संध्याकाळी सातला पोचतो. सकाळी सव्वासहाची गाडी.
नोव्हेंबर आहे. तिकडे सातपर्यंत उजाडत नाही."
मग साली गोळा करता करता,
"दिसणार काय तुम्हाला?
रात्रीच्या पाण्याला कसला आलाय रंग?"

खरं होतं. तिच्या डोंगरांचंही तेच.
अंधारात पोचून अंधारात निघायचं,
म्हणजे दोन गावांतून निवडायचं होतं
ते उशी कुठली, एवढंच.
तरी दोन दिवस आम्ही त्यावर
जेवताना बोललो नाही.

बुधवारी रात्री तिनं मला माळ्यावर चढवलं.
"अजून मागे. पंख्याच्या खोक्यामागे."
माझी सॅम्पलची बाटली, घासलेल्या काचेच्या बुचाची,
कंपनी बंद झाली त्या दिवशी
खिशात घालून आणलेली.
तिनं ती सोडा टाकून धुतली,
ओट्यावर पालथी घातली.
"काठाला पायऱ्या असतीलच.
घाट नाही ती नदी कसली.
तुम्ही उतरा, मी वरून टॉर्च धरते.
उजाडल्यावर गाडीत बघू."

मी ऋजुताला कळवलं, लुसर्नची सोड.
"आणि तुझं तळं?"
"येताना," ती म्हणाली, आणि दिवा घालवला.

येतानाचं विमान फ्रँकफर्टहून आहे.
तिकीट तिनंच
देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय.