मध्यरेषा

वसमतच्या मोंढ्यामागं माझं दुकान.
हळदीच्या हंगामात माऊससुद्धा पिवळा होतो.
पाटीवर ‘शिकलगार डिजिटल’,
पाटीखाली अजून अब्बांची सायकल
स्टँडवर उभी, मागच्या चाकाला पट्टा, पट्ट्याला धारेचा दगड.
लोक विचारतात, इथं विळ्याला धार लावून मिळते का.
मी म्हणतो, फोटोला मिळते.

सॉफ्टवेअर फुकटचं आहे, चोरीचं नाही.
आधीचं चोरीचं होतं,
दर महिन्याला उघडताना विचारायचं, तू कोण.
हे नांदेडला शिकणाऱ्या एका पोरानं पेनड्राइव्हवर आणून दिलं.
म्हणाला, गिंप. मी म्हटलं, नाव नीट सांग.
त्यात एक फिल्टर आहे, अनशार्प मास्क.
नाव उलटं, काम सुलटं:
फोटोची एक प्रत मुद्दाम धूसर करायची,
मूळ फोटोतून ती वजा करायची,
जो फरक उरेल
तो परत फोटोत मिसळायचा.
अब्बांना सांगितलं तर हसले.
म्हणाले, आम्ही पण लोखंड कमीच करत आलो,
गिऱ्हाइकाला वाटायचं, काहीतरी लावलं.

दुपारी अनुसया हातागळे आल्या,
डेपोतून सुटून, खाकीतच,
खांद्यावर कंडक्टरच्या बॅगेचा वळ.
फोनमधला एक फोटो दाखवला.
हिंगोली, शाळांची कबड्डी, शेवटचा सामना.
भावानं काढलेला, दोन मेगापिक्सेलवर,
तो फोनही आता नाही.
सेनगावच्या चार पोरी पायाला, कमरेला चिकटलेल्या,
आणि ह्या आडव्या, एक हात लांब,
हातापुढं फक्कीची रेघ.
“चौदा वर्षं झाली,” म्हणाल्या.
“हात लागला होता. पंच म्हणला, नाही लागला.
तू फक्त बघून सांग.”

आठशे टक्के मोठा केला.
बोट कुठं संपतं, रेघ कुठं सुरू होते,
मधे चार पिक्सेल,
ना मातीचे ना कातडीचे.
रेडियस दोन. अमाउंट अर्धा.
स्लायडर उजवीकडं नेला, हात लागला.
जरा मागं घेतला, सुटला.
परत पुढं. बोटाभोवती पांढरी कड उठली
आणि रेघेला जाऊन मिळाली,
इतकी साफ, की त्यांचा श्वास माझ्या कानाशी थांबला.

फार घासलं की पातं कडेला निळं पडतं.
निळं पडलं की पाणी उतरलं.
दिसायला चकाकतं, कांदा कापत नाही.
हे मला दहाव्या वर्षापासून माहीत आहे.

“ताई,” मी म्हटलं, “ही कड माझी आहे.
तुमच्या बोटाची नाही.”

काही बोलल्या नाहीत.
बाहेर हमाल पोती मोजत होता, सत्तावीसवर चुकला,
पहिल्यापासून मोजू लागला.
मग त्यांनी स्क्रीनवर नख टेकलं. “हा कोण?”

रेघेपलीकडं पांढऱ्या टोपीतला पंच.
शिट्टी तोंडात,
तोंड आमच्याकडं.
मी प्रीव्ह्यूची खूण काढली. लावली. परत काढली.
धारेशिवायही तसाच होता:
सगळ्या मैदानाच्या माना रेघेकडं,
ह्याची एकट्याची कॅमेऱ्याकडं,
छाती जराशी पुढं, नीट यावी म्हणून.

“मुडदा बशिवला ह्याचा,
हा तर फोटो काढून घेऊ राहिला!”
अनुसयाताई इतक्या हसल्या
की सायकलजवळ बसलेले अब्बा उठून आत आले.
“माझा हात राहू दे तसाच, अंधुक,” म्हणाल्या.
“त्याला धार लाव.”

मग एकट्या त्या तोंडावर ब्रश फिरवला.
चार बाय सहा, मॅट, तीस रुपये.
पाचशेची नोट. माझ्याकडं सुट्टे नव्हते.
त्यांनी हात पुढं केला, तोच हात,
धंद्याच्या सवयीनं,
आणि मी पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं:
चारशे सत्तर देणे.