पाळी संपायच्या आत

व्लास्ता ह्रुबेशोवा ब्रनोहून आली फेब्रुवारीच्या शेवटी.
एक सुटकेस, कानांवर ओढलेली लोकरीची टोपी
आणि आठ तासांचा हक्क.
आठच. दिवसाचे बाकीचे सोळा अमेरिकेचे.
दुर्बीण एकच, समुद्रावर कुठेतरी उंच टांगलेली,
आणि खाली विय्याफ्रांकात आम्ही, आमची तबकडी,
पडका किल्ला, ओकची खुरटी झाडं,
आणि यंदा फार लवकर परतलेले करकोचे.

मी कासिल्दा. तारे मला कळत नाहीत,
मी दुर्बीण वळवते.
तोल सांभाळणारे सहा भोवरे होते तिच्या पोटात,
चार गेले.
उरलेल्या दोघांवर आणि सूर्याकडे लावलेल्या एका डोळ्यावर
वड्याचं तेल वांग्यावर करत
आम्ही आभाळ चालवतो.

"शर्मिष्ठेच्या खाली," ती म्हणाली, "हळू."
मी कधी घाईत वळवत नाही. तरी म्हटलं, बरं.

त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला होता ब्रुनेतेहून.
गास्पार, वय अकरा. गच्चीवरून रोज बघायचा.
"मावशी, तुमचा नवतारा विझला."
मी तिला सांगितलं. ती हसली, पहिल्यांदाच.
विझला नाही म्हणे. होता तेवढाच जळतोय,
उजेड फक्त जांभळ्याच्या पलीकडच्या खोलीत गेलाय.

मग कॅमेरा पुसून तयार होईतो
(वीस मिनिटं लागतात, काही करा)
तिने कॉफीच्या कपावर बोट ठेवून सांगितलं:
हा एक म्हातारा तारा, पृथ्वीएवढाच, पण सूर्याच्या वजनाचा.
शेजारणीच्या ताटातलं हायड्रोजन
चमच्या-चमच्याने ओढत राहतो हजारो वर्षं.
अंगावर थर साचतो. तापतो.
एके दिवशी भडका.
मरत नाही मात्र. अंगरखा भिरकावतो
आणि पुन्हा पहिला चमचा.

सुरुवातीच्या दिवसांत अतिनीलात फारसं दिसत नाही.
भिरकावलेल्या त्या वायूत लोखंड असतं,
हजारो काळ्या रेघांनी ते वाट अडवतं.
"आम्ही त्याला काय म्हणतो माहितेय?"
मला माहीत होतं. इथे सगळेच म्हणतात.
लोखंडी पडदा.
या वेळी ती हसली नाही.

एक्याऐंशी साली तिने अर्ज केला होता इथे यायला.
पासपोर्टच्या खिडकीतला माणूस
कागद उलटसुलट करून म्हणाला,
"का? आकाश इथून दिसत नाही?"
तिच्याकडे उत्तर होतं. ओझोन, तरंगलांबी, सगळं.
ती म्हणाली, दिसतं साहेब.
आणि घरी जाऊन बटाटे सोलले.

नव्वद सेकंद झडप उघडी.
मग चित्र उतरू लागलं, ओळीमागून ओळ,
कुणी स्वेटर विणत यावं तसं.
काळ्या रेघा विरळ झाल्या होत्या. आणि त्यांच्या मागून
कार्बन. नायट्रोजन. मॅग्नेशियमचा तो जाडजूड खांब.
व्लास्ताने टोपी काढली. सबंध रात्र घातलीच होती.
केस दबलेले, कानशिलावर पांढरे.
काही बोलली नाही. मीही खुर्ची वाजू दिली नाही.

पाळी संपायला अकरा मिनिटं होती.
"अजून एक," ती म्हणाली.
नियमात बसत नव्हतं. मेरीलँडचा फोन वाजत होता.
मी तो तीनदा वाजू दिला.

सकाळी गास्पारला सांगितलं, अरे विझला नाही.
"मग दिसत का नाही?"
रिसीव्हर खांद्यात धरून मी किल्ल्याकडे पाहिलं.
करकोच्याच्या चोचीत कसली तरी तार होती,
जागेवर बसवायचा प्रयत्न चालला होता त्याचा.

इथून दिसत नाही, म्हटलं.
इथून.