व्हर्नियर

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीसच्या मागची गल्ली.
माझा गाळा चौदा, कुमुद घरतचा पंधरा.
मध्ये एकेरी विटेची भिंत,
पलीकडचा लेथ ऐकू यायचा,
टूल बोथट झालंय, इथपर्यंत कळायचं.

दोघंही एकाच पंप कंपनीला बुश द्यायचो.
मंगळवारी मेल आला, दोघांना एकच,
वरची नावं तेवढी वेगळी.

मी हिशेबाचा माणूस.
वहीत मांडलं: भाडं, वीज, पतपेढीचा हप्ता,
रामसजीवनचा पगार, मुलीच्या क्लासची फी.
उत्तर आलं ते बरोबर होतं.
आजही मांडून बघा, तेच येईल.
मग मशीनवर ताडपत्री टाकली
आणि खुर्ची दारात घेतली.
येईल-जाईल त्याला सांगायचो, मार्केट बसलंय.
चहावाल्याला सांगितलं. कुरियरवाल्याला सांगितलं.
रामसजीवनला तर इतक्यांदा सांगितलं
की तो एक दिवस घोडबंदरला लिफ्टच्या कामावर गेला
आणि फोन उचलेनासा झाला.

भिंतीपलीकडे मात्र काहीबाही चालू असायचं.
पूर्वीचा तो एकसारखा सूर नव्हे,
अर्धा तास घरघर, मग गप्प, मग कानस.
किसननगरच्या रसवाल्याचा झिजलेला रोलर,
शाळेच्या फाटकाची बिजागरी,
कुणा आजोबांच्या व्हीलचेअरचं चाक.
मी म्हणालो, कुमुदताई, हा काय धंदा झाला?
चाळीस-चाळीस रुपयांची कामं.
ती म्हणाली, पंचेचाळीस.

तिचा व्हर्नियर पडून वाकला होता,
म्हणून माझा न्यायची.
संध्याकाळी आणून द्यायची, पुसून, तेलाचा हात लावून.
एकदा दारातच थांबली.
"भाऊ, याला शून्याची चूक आहे.
जबडे मिटले तरी चार शतांश दाखवतो.
ठाऊक होतं ना?"

नव्हतं.

"मी आपली दर मापातून तेवढं वजा करते.
चूक असली तरी चालतं हो,
केवढी ते माहीत पाहिजे."

ती गेल्यावर मी जबडे मिटून उजेडाकडे धरले.
दोन वर्षांमागे परत आलेल्या मालाच्या खेपा आठवल्या,
तेव्हा कंपनीच्या तपासनिसाला दिलेल्या शिव्याही.
वही काढली. बेरीज पुन्हा केली.
तीच आली.
या खेपेला मात्र मी
वजा करायचं काहीतरी शोधत होतो.

खोटं कशाला सांगू, तिचंही सगळं तरलं नाही.
दिवाळीआधी मोठं ड्रिल विकलं तिनं.
त्याआधी कधीतरी बांगड्या गेल्या असाव्यात,
मनगटं मोकळी दिसायची.
बाजार तिच्यासाठी वेगळा नव्हता.
पंप कंपनीनं तिलाही पुन्हा विचारलं नाही.

एका दुपारी ती खांद्यावर शाफ्ट घेऊन आली,
पिठाच्या गिरणीचा, लांबडा.
"माझ्या मशीनवर बसत नाही. तुम्ही करता?"

ताडपत्रीवर धुळीत एक गोल खड्डा होता,
बेचाळीस दिवस कुठलीशी मांजर तिथं झोपत असणार.
पट्टा ताठला होता. किंचाळला,
मग हळूहळू सैलावला.
पैसे किती सांगायचे ते आठवेना.

पलीकडची मशीन मध्येच थांबली.
कान देऊन ऐकत असावी.
मग भिंतीवर दोन थापा, आणि तिची हाक:
"भाऊ, टूल बोथट आहे!"