उरलेल्याचा दहावा भाग

ग्दान्स्कला डिसेंबरात साडेतीनलाच अंधार उतरतो,
पायरी चाचपत, कुठेही हिसका न देता.
आमच्या खेळातली क्रेन मात्र
अजून कपाटासारखी सरकत होती.

माझं गणित चुकलेलं नव्हतं.
इथून निघायचं, तिथे पोचायचं,
मधला काळ सारखा वाटून दिलेला:
साठ फ्रेम, साठ सारखे घास.
तरी गोदीवर लटकलेला तो पिवळा कंटेनर
निघताना निघत नव्हता,
थांबताना थांबत नव्हता,
इथला नाहीसा होऊन तिथे असायचा, बस.

ताता आले, बिटाच्या सुपाची बरणी घेऊन.
एकतीस वर्षं ते बंदरावर
चाळीस मीटर उंच काचेच्या खोलीत बसले होते,
पायांखाली लोखंड, लोखंडाखाली माणसं.
स्क्रीनकडे बघून म्हणाले,
"ह्या माणसाला मी पहिल्याच पाळीत घरी पाठवला असता."
"कुठल्या माणसाला? आत कुणी नाहीये."
"तेच तर दिसतंय."

मग त्यांनी कपातली चहाची पुडी
दोऱ्याला धरून वर काढली.
हात झटकन नेला, पुडी मागे राहिली,
मग पुढे धावली,
क्सावेरीच्या कीबोर्डवर चार थेंब.
"आधी ओझ्याला कळू दे, आपण निघतोय ते.
मग ओढ.
आणि थांबायचं असेल तर
थांबायच्या खूप आधी थांबायला लाग."
"आणि झुललंच तर?"
"त्याच्या मागे जायचं. त्याच्या डोक्यावर पोचायचं. तिथे थांबायचं.
रागावायचं नाही."

रात्री मी टी-चा वर्ग केला,
त्याला तीन वजा दोन टी-नं गुणलं.
दोन्ही टोकांना रेघ आडवी झाली,
मधोमध तिने दम घेतला आणि चढली.
कंटेनर उचलला गेला,
अर्धा क्षण विचार केल्यासारखा.
क्सावेरी खुर्चीतून उठला, काही बोलला नाही.

राहिला कॅमेरा. त्याला क्रेनच्या मागे जायचं होतं.
त्याला मी जुनीच युक्ती दिली:
दर फ्रेमला, जेवढं अंतर उरलंय
त्याचा दहावा भाग चालायचा.
दिसायला देखणी, पण खोटी.
मंद यंत्रावर तो रेंगाळतो,
वेगवान यंत्रावर झेपावतो,
आणि पोचत तर कधीच नाही.
उरलेल्यातलं काही उरतंच,
त्याचाही दहावा भाग, त्याचाही.

आईच्या दफनानंतर सात वर्षं
आम्ही एकमेकांना फोन केला नव्हता.
मग एका वर्षी ताता फाटकापर्यंत आले.
पुढच्या खेपेला जिन्यापर्यंत.
मग दारात, कोट अंगावरच.
ह्या खेपेला कोट खुंटीवर होता
आणि मी त्याकडे बघतेय, हे त्यांना दिसलं होतं.

पहाटे दोनला मी ती एक ओळ घातली:
उरलेलं अंतर इतक्याहून कमी असेल, तर पोचलो समज.
इतकं म्हणजे किती, ते मात्र
आपल्यालाच टाकावं लागतं.
शून्य पूर्णांक एक टाकलं, कॅमेरा ठेचकाळला.
शून्य पूर्णांक शून्य शून्य एक टाकलं,
तो मुंगीसारखा सरकतच राहिला.
मधलं काहीतरी टाकून घरी गेले,
ट्राममध्ये दोनदा बदललं, मनातल्या मनात.

सकाळी फोन वाजला.
"मग? थांबला का तो?"
"थांबला. जरा झुलला, मग थांबला."
"झुलू दे. न झुलणारा हूक रिकामा असतो."
पलीकडे किटली शिट्टी मारायला लागली होती.
ते गॅस बंद करायला गेले नाहीत.
"बरणी?"
"धुऊन ठेवलीय."
"मग आण की, बोग्ना."